निळे खडू

मास्तरिणीच्या शिवणकामाच्या खोलीतून कापडावर खुणा करायचे खडू गायब होत होते. आता खडू कोण चोरणार, सांगा. पण मास्तरिणीच्या डोक्यात एकदा संशयाचा किडा शिरला की झालं.

तिचा डोळा होता तिच्याकडं बटणं लावायला येणाऱ्या बटणवालीवर. "तोंडातून शब्द काढत नाही, म्हणजे पाणी मुरतंय," ती सुनेला म्हणाली. "सापडू दे. चोर घरातला असला तरी त्याच पावली हाकलते."

सातव्या महिन्यातली सून काजं करता करता खाली मान घालून बसली. पोरगी हल्ली पांढरीफटक पडली होती, जिना चढली तरी धापा टाकायची. पण मास्तरिणीला आधी चोर हवा होता.

तिनं पांढरे खडू कुलुपात टाकले आणि निळे बाहेर ठेवले. निळा रंग पिशवीला, खिशाला लागणारच. संध्याकाळी तिनं बटणवालीची पिशवी उलटी केली. एक डाग नाही.

"बघा, पोटभर बघा," बटणवाली म्हणाली आणि खिसेही उलटे करून दाखवले.

तेवढ्यात सुनेनं जांभई दिली. तिची जीभ निळी होती.

मास्तरिणीनं तिला दवाखान्यात नेलं. तिथली नर्स रक्त तपासून मुळीच चकित झाली नाही. "रक्त फार कमी आहे. मग माती, खडू खावंसं वाटतं. तुमच्या गल्लीतल्या कितीतरी बायकांचं हेच आहे. चहा-बिस्किटांवर दिवस काढतात, दुसरं होणार काय? गोळ्या देते, पण पालेभाज्या, डाळी, अंडी पोटात गेलीच पाहिजेत. नाहीतर बाळंतपणात दोघांच्याही जिवावर बेतेल."

मास्तरीण तडक कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

"भाजी ठेवत नाही, नासते," दुकानदार म्हणाला. "बिस्किटं देऊ?"

गल्लीत दुसरं दुकान नव्हतं. मग ती बस पकडून थेट मंडईत गेली. परतताना पालकाची एक जुडी बटणवालीच्या दारात ठेवली. माफी मागायला मात्र जीभ रेटेना.

घरी येऊन तिनं पालक, डाळ, उकडलेलं अंडं असं ताट सुनेपुढं ठेवलं. सुनेनं ताटाकडं पाहिलं, मग सासूकडं.

"यात काय घातलंय?"

मास्तरिणीला असा राग आला, की ताट उचलून न्यावं. पण 'चोर घरातला असला तरी हाकलते' हे आपलेच शब्द तिला आठवले. मग ती शेजारी बसली आणि त्याच ताटातला एक घास खाल्ला. तो तिच्या घशाखाली उतरेपर्यंत सून तिच्याकडं टक लावून पाहत राहिली. मगच तिनं ताट पुढं ओढलं.