सुटे छर्रे

घरी बनवायच्या मशीनला गोल दांडे घ्यावेत की चौकोनी रेल, यावर नवऱ्याने महिनाभर स्वतःचं आणि तिचं डोकं खाल्लं होतं. गोल दांडा नुसता दोन टोकांना धरला की मध्ये झोल खातो, आणि लाकूड कोरणारं मशीन झोल खाऊन चालत नाही, हे एव्हाना तिलाही तोंडपाठ झालं होतं. शेवटी चौकोनी रेल आल्या आणि त्यांच्यावर सरकणारे चार ब्लॉक आले. लोण्यासारखे सरकायचे, कारण त्यांच्या पोटात मोहरीएवढे पोलादी छर्रे फिरत होते. मोहरीएवढे म्हटल्यावर तिचा जीव तिथेच थोडा वरखाली झाला. घरात दीड वर्षाची ठकी होती, आणि कुठलीही वस्तू आधी तोंडात घालायची, मग ओळखायची, असा त्या पोरीचा खाक्या होता.

सुट्टीच्या दुपारी मागच्या खोलीत काम निघालं. दारात तिने दोन स्टुलं आडवी लावली. पलीकडे ठकी बिस्किट घेऊन बसली. पहिली रेल सरळ पट्टीला टेकवून नवऱ्याने घट्ट आवळली, दुसरीचे स्क्रू मात्र सैल ठेवले. दोन्ही रेलवरच्या ब्लॉकना जोडणारी आडवी पाटी तिने हळूहळू सरकवायची आणि पाटी पोचेल तिथला स्क्रू त्याने आवळायचा, म्हणजे दोन्हींतलं अंतर सगळीकडे सारखं राहतं.

“पहिली रेल म्हणजे सासू,” तो म्हणाला. “ती बसली की बसली. सुनेने तिच्या अंदाजाने सरकून घ्यायचं.”

“ऐकू येतंय हो मला,” बाहेरून सासूबाई म्हणाल्या.

ती हसली. तेवढ्यात दाराशी स्टूल सरकल्याचा आवाज झाला. तिची मान तिकडे वळली आणि पाटीवरचा हात पुढे गेला. रेलच्या टोकाला अडवणारे स्क्रू अजून लावलेच नव्हते. पाटीची एक बाजू रेलवरून सुटली, ब्लॉक उघडा पडला आणि त्यातले छर्रे फरशीभर पसरले.

ठकी स्टुलांच्या फटीतून रांगत आत आली होती. तिला उचललं तेव्हा तिचं तोंड हलत होतं.

“आ कर. ठकी, आ कर बघू.”

बोटाला ओलं बिस्किट लागलं. नुसतं बिस्किटच. पण गिळून झालेलं बोटाला कसं लागणार? श्वास नीट होता, खोकला नव्हता, नाकही तिने दोनदा बघितलं.

सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. “अगं, ह्याने लहानपणी शर्टाचं बटण गिळलं होतं. आलं की बाहेर.”

“आणि ते धुऊन परत लावलंस,” नवरा म्हणाला.

“मग? शर्ट नवा होता.”

ठकीला सासूबाईंकडे देऊन तिने कपाटाखालून, पायपुसण्यातून, चपलांतून लोहचुंबकाने छर्रे वेचले. नवऱ्याने ते पुसून एकेक करून ब्लॉकच्या चरांत परत भरले. सगळे संपले तरी एका चरात एक छर्रा मावेल एवढी जागा उरली.

“असते एवढी जागा,” तो म्हणाला. “फिरायला लागते.”

“तू बघितलीयेस कधी?”

“नाही. वाचलंय.”

ती नुसती ठकीच्या पोटाकडे बघत राहिली. एकदा सांडलेला ब्लॉक पुन्हा पहिल्यासारखा चालत नाही, कुठेतरी कण राहतोच, हे त्यानेच तिला चारदा बजावलं होतं. आता तो उठला, पाटीखालचा एक चांगला ब्लॉक सोडवला आणि स्टीलच्या वाडग्यात स्वतःच्या हाताने रिकामा केला.

“अरे, तो कशाला?”

“तुला कळेल म्हणून.”

मग त्याने छर्रे एकेक करून परत भरले. ती शेजारी उकिडवी बसून बघत होती. शेवटचा गेला. उरलेली जागा तेवढीच होती. तिने सुई घेऊन दोन्ही ब्लॉकमधले छर्रे पुढे ढकलले, मागे ढकलले, पुन्हा पुढे ढकलले. फट एकसारखीच.

तिने सासूबाईंच्या कडेवरून ठकीला घेतलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसली.

“राहू दे आज,” नवरा म्हणाला. “उद्या बघू.”

“उद्या कशाला? ही झोपली की धरते मी पाटी.” तिने ठकीचं तोंड पदराने पुसलं. “पण टोकाचे स्क्रू आत्ता लाव. माझ्यासमोर.”