वर्नाची लादी

भट्टीचं झाकण उघडून क्लिओफसने निळ्या काचेचं वर्तुळ आत टेकवलं, तोच ओडेसाने मागून येऊन त्याचं मनगट धरलं.

"या कागदावर ठेवायला कुणी सांगितलं?"

"का? पांढराशुभ्र तर आहे, सिस्टर." चर्चमधल्या रीतीप्रमाणे तो तिला सिस्टर म्हणायचा.

तिने काच उचलून बाजूला ठेवली आणि कागदाच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. कोपरा विरून भुकटी झाला. खालची मातीची लादी उघडी पडली.

"काच लादीला चिकटू नये म्हणून घालतो तो भट्टीचा कागद हा, पण एकदा भाजलेला आहे. पातळ कागद एकाच आचेचा सोबती. अशा ठिकाणी काच लादीला चिकटते आणि निवताना तडकते."

"मग जाड कागद द्या. तो तीन-चारदा चालतो म्हणता."

"त्याची खरखर काचेच्या पाठीवर उमटते. चर्चमधल्या प्रभुभोजनाची थाळी आहे ही, पायपुसणं नाही."

"प्रभुभोजनासाठी माझी बायको भाजते ती भाकरी एकदा चावून बघा. थाळीच्या खरखरीकडे कुणाचं लक्ष जायचं नाही."

तीस वर्षं पोर्टलंडची सिटी बस चालवलेला माणूस. तोंड कधी थकायचं नाही. ओडेसा मात्र हसली नाही. तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक जुनी लादी टांगलेली होती आणि तिला हिरव्या काचेचा अर्धा क्रूस चिकटून बसला होता.

"वर्नाची लादी. वेदीसाठी क्रूस करायचा होता. हलगर्जीपणाचं फळ बघून ठेवा."

अकरा वर्षं प्रत्येक नव्या माणसाला ती हे दाखवत आली होती. काचेचा हा कारखाना ओडेसा आणि वर्ना, दोघींनी मिळून काढलेला. रेडिओवर पास्टरांचं प्रवचन बोलता बोलता गाण्यात चढू लागलं, की वर्नाचा काच कापणारा हात थांबायचा आणि पुढची ओळ तीच उचलायची. क्रूस तडकला त्या दिवशी ओडेसा पाचजणांदेखत तिला बोलली. वर्नाने एप्रन घडी करून टेबलावर ठेवला आणि महिन्याभरात ती टकोमाला राहायला गेली. चर्चच्या गायनातला तिचा खालचा सूर रिकामाच राहिला. गेल्या मार्चमध्ये तिच्या लेकीचं पत्र आलं, काळ्या कडेचं, वर्ना वारल्याचं.

"पण सिस्टर," मास्क चढवत क्लिओफस म्हणाला, "सकाळी भट्टीतल्या भाजून झालेल्या काचेच्या वाट्या तुम्हीच काढल्या ना? मला वाटलं, नवा कागदही तुम्हीच घालून ठेवलाय."

ओडेसाचा हात झाकणावरच राहिला.

मला वाटलं, तू घालून ठेवलायस, ओडी. वर्ना इथेच उभी राहून म्हणाली होती.

सबबी नकोत, असं ओडेसाने तिला उत्तर दिलं होतं.

त्या दिवशीही सकाळी भट्टी तिनेच रिकामी केली होती. गायनाच्या तालमीला उशीर होत होता. आजवर तिला आठवायची ती फक्त तालीम.

"सिस्टर? बरं वाटत नाहीये का?"

"फडकं ओलं करून द्या."

तिने भुकटी टिपून घेतली. नवा पातळ कागद काचेहून बोटभर मोठा कापला, लादीवर पसरला. मधोमध एक सुरकुती होती. तळव्याने दाबली, पुन्हा दाबली, जाईना. तिने तो कागद काढून दुसरा घेतला.

शनिवारी कारखान्यात काचकाम शिकणाऱ्यांचा नवा वर्ग भरला. एका म्हाताऱ्या बाईने भिंतीकडे पाहून विचारलं, "ती लादी कुणाची हो?"

"ती ना, ती वर्ना म्हणून एक—" क्लिओफसने हौसेने सुरुवात केली.

"माझी," ओडेसा म्हणाली. "आधीची काच काढून घेतली आणि भाजलेला कागद तसाच ठेवून मी गायला गेले होते."