ब्रेकबाईंचा उजवा पाय

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही गाडीत पुढे बसला आहात. स्टिअरिंग तुमच्या हातात नाही, शेजारच्या माणसाच्या हातात आहे, आणि त्याने ते आयुष्यात पहिल्यांदाच धरलं आहे. समोरून बस येते आहे. माणूस घामाघूम होऊन ओरडतो, "आता काय करू?"

घाबरलात? घाबरू नका. तुमच्या पायाखाली तुमचा स्वतःचा ब्रेक आहे. गाडी शिकवायच्या गाडीत तो शिकवणाऱ्यासाठी मुद्दाम बसवलेला असतो. तुम्ही तो दाबता, गाडी थांबते, बस निघून जाते, आणि शेजारचा माणूस कपाळ पुसत म्हणतो, "बघा, जमलं की मला!"

आता उघडा डोळे. ज्या बाईंचं अर्धं आयुष्य त्या सीटवर गेलं, त्यांची ही गोष्ट आहे.

लोक त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे ब्रेकबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्यांच्या हाताखाली शिकताना कुणाच्या गाडीला कधी साधा ओरखडा उठला नव्हता. फक्त त्यांचा उजवा पाय त्यांचं ऐकत नसे. बसमध्ये बसल्या, की ड्रायव्हरच्या आधी त्यांचा पाय दाबला जाई. दातांच्या डॉक्टरांनी यंत्र सुरू केलं, की खुर्चीत आडव्या पडलेल्या बाईंचा पाय ताडकन लांब होई.

"बाई, या खुर्चीला ब्रेक नाही हो," डॉक्टर म्हणत.

"म्हणूनच तर धडधडतं," आ वासलेल्या तोंडाने बाई म्हणत.

हे डॉक्टरही त्यांचेच विद्यार्थी. एका रविवारी सकाळी ते बाईंच्या दारात गाडी घेऊन आले. जुनी, लांबलचक, लाल. कुणा हौशी माणसाने वर्षानुवर्षं जपलेली. तिचं इंजिन सुरू होतं तेव्हा स्वयंपाकघरातली भांडी थरथरत होती.

"पहिली फेरी गुरूंबरोबर," डॉक्टर म्हणाले.

"काय हो हा आवाज! हिच्या पोटात वाघ पाळलाय की काय?"

"चावत नाही तो. बसा तर खरं."

"मी पण!" आतून आवाज आला. ही बाईंच्या भावाची मुलगी, तिसरीतली. दिवसभर इकडून तिकडे पळायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं होतं खारू.

"आधी पट्टा लाव, मग बोल," बाई म्हणाल्या.

गावाबाहेर कालव्याचा पूल आहे. त्याच्या अलीकडे रस्ता झपकन वळतो. रस्त्याचं काम चालू होतं आणि वळणावर बारीक खडी पसरली होती. डॉक्टरांना वळण दिसलं, खडी दिसली नाही. वळतावळताच त्यांनी जोरात ॲक्सिलरेटर दाबला. पोटातला वाघ जागा झाला. गाडीची मागची चाकं बाहेर निसटली, जसं ओल्या फरशीवर धावणारं कुत्रं ढुंगणावर घसरतं तशी. डॉक्टरांनी दचकून ब्रेक दाबला आणि ती सबंध गोल फिरली.

बाईंचा उजवा पाय कधीच खाली गेला होता. सगळ्या ताकदीनिशी. पण तिथे ब्रेक नव्हता. तिथे नुसतं रबरी पायपुसणं होतं.

धूळ बसली तेव्हा पुलाचा कठडा खारूच्या खिडकीपासून वीतभर अंतरावर होता. कुणाला खरचटलंही नव्हतं.

"बाई, मी डोळेच मिटले हो," डॉक्टर कसेबसे म्हणाले.

"दात उपटताना पण मिटता का?" बाई म्हणाल्या खऱ्या, पण आवाज त्यांचा नव्हता.

मग मागून खारूने विचारलं, अगदी साधेपणाने, "आत्या, तू ब्रेक का नाही दाबलास?"

दुसऱ्या दिवशी बाई शिकवायला गेल्या नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. गाडी शिकवण्याच्या शाळेच्या मालकांचा फोन आला, "अहो बाई, पोरं खोळंबलीत." बाई म्हणाल्या, "पाय दुखतोय." वहिनींनी पायाला लावायला तेल आणून दिलं. ते तसंच राहिलं.

संध्याकाळी खारूने सायकल काढली. हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. खारू पायडल मारी आणि आत्या कॅरियर धरून मागे धावे. कितीतरी दिवस असंच चाललं होतं.

"सोडू का गं?" बाईंनी धापा टाकत विचारलं.

"नको! सोडलंस तर मी पडणार."

"कधी पडली आहेस का?"

"नाही. तू धरतेस ना."

बाई धावायच्या थांबल्या. कॅरियर हातातच होतं, त्यामुळे सायकलही थांबली.

"आत्या?"

"हं."

"काय झालं?"

"काही नाही गं," बाई म्हणाल्या. मग, जणू सायकलला सांगावं तसं, "मी कुणाला शिकवलंच नाही. नुसतं धरून ठेवलं."

कारण बघा, गाडी घसरली तर काय करायचं, हे बाईंना पाठ होतं. ब्रेकवर उभं राहायचं नाही, पाय अलगद उचलायचा, जिथे जायचं आहे तिकडे बघायचं आणि तिकडेच वळवायचं. हे वाक्य त्यांनी शेकडो लोकांना सांगितलं होतं. पण त्यांची स्वतःची गाडी कधी घसरलीच नव्हती. घसरण्याच्या आधीच त्यांचा पाय पडत असे. कधी पाण्यात न उतरलेल्या माणसाने पोहणं शिकवावं, तसं झालं होतं ते.

त्या रात्रीच डॉक्टर आले. तोंड उतरलेलं. "बाई, मी ती गाडी विकून टाकतो."

"गाडीने काय केलंय? चावी द्या इकडे. आणि उद्या दवाखाना उशिरा उघडा."

गावाच्या अग्निशमन केंद्रामागे मोठं सिमेंटचं मैदान होतं. बंबाचा चालक बाईंकडेच शिकलेला.

"बाई, आग कुठं लागली?" त्याने दचकून विचारलं.

"माझ्या डोक्यात. त्या मैदानावर पाणी मार. भरपूर."

बंबवाल्यांनी मैदान चिंब केलं आणि कठडा म्हणून मधोमध एक लाल बादली ठेवली. खारू बंबाच्या पायरीवर बसली. डॉक्टर दोन्ही हातांनी डोकं धरून उभे राहिले.

बाई एकट्याच गाडीत बसल्या. शिकवण्याच्या सीटवर नाही, चालवण्याच्या. वळतावळता त्यांनी मुद्दाम जोरात ॲक्सिलरेटर दाबला. मागचा भाग निसटला, पाय ब्रेकवर आदळला, गाडी गरकन फिरली. बंबवाले हसले.

पुन्हा. पुन्हा गरकन.

तिसऱ्या वेळी बादली उडून भिंतीवर आपटली.

"बाई, सरकारी बादली आहे हो ती!" चालक ओरडला.

"ठेव परत!"

"आत्या," खारू पायरीवरून ओरडली, "तू बादलीकडेच बघत होतीस! मला दिसलं!"

बाईंनी काच खाली केली. जे वाक्य त्या जन्मभर दुसऱ्यांना सांगत आल्या, ते पोरीने आज त्यांनाच सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली आणि काच वर केली.

या वेळी गाडी निसटली तेव्हा बाईंचा पाय नेहमीसारखा उसळला. पण ब्रेकवर पोचायच्या आत त्यांनी तो अडवला. वासराला दाव्याला धरून मागे ओढावं, तसा. मान वर केली. बादली कुठेतरी होती, असू दे. मैदानाच्या टोकाला फाटक उघडं होतं. त्यांनी फाटकाकडे बघितलं आणि हात आपोआप तिकडे वळले. गाडीने शेपूट एकदा इकडे टाकलं, एकदा तिकडे टाकलं, मग सरळ झाली, आणि एखाद्या शहाण्या घोड्यासारखी फाटकातून बाहेर पडली.

बंबवाल्यांनी घंटा बडवली. डॉक्टर टाळ्या वाजवत ओल्या सिमेंटवर धावले आणि घसरून बसले.

"कुठे बघत होता, डॉक्टर?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

"तुमच्याकडे!"

"मग माझ्याकडे येऊन पडलात. बरोबर आहे. उठा, आता तुमची पाळी."

त्या दिवशी डॉक्टरांनी दोन बादल्या चेपल्या आणि दुपारपर्यंत तेही शिकले.

पुढच्या रविवारी त्याच वळणावर तीच गाडी होती. डॉक्टर चालवत होते, सावकाश. शेजारी बाई, पायाखाली तेच रबरी पायपुसणं. खडी अजून उचलली नव्हती. मागचं चाक जरासं सरकलं. बाईंचा पाय उचलला गेला, आणि त्यांनी तो परत खाली ठेवला, निजलेलं मूल ठेवावं तसा.

"पुलाच्या पलीकडे बघा," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या.

डॉक्टरांनी पलीकडे बघितलं. गाडी पलीकडे गेली.

"बाई! आता मीच केलं की नाही हे?"

"तुम्हीच," बाई म्हणाल्या. खिडकीबाहेर बघत त्या कितीतरी वेळ हसत होत्या.

सोमवारी बाई शाळेत गेल्या. शिकवण्याच्या गाडीत त्यांचा ब्रेक अजून आहे, असायलाच हवा. पण आता गाडी जरा डुलली, तर त्या आधी बोलतात, पाय नंतर. आणि त्यांचा प्रत्येक विद्यार्थी एक सकाळ बंबवाल्यांच्या ओल्या मैदानावर घालवतो. तिथल्या बादल्या आता बाईच आणून देतात.

त्याच सोमवारी संध्याकाळी खारूने सायकल काढली.

"आत्या, आज धरू नकोस."

"नक्की?"

"नक्की. पण लांब पण जाऊ नकोस."

बाई फाटकाजवळ उभ्या राहिल्या, हात पाठीमागे बांधून. खारू निघाली, डुगडुगली, सावरली. अंगणाच्या कोपऱ्यात बांधकामाची थोडी खडी पडली होती. चाक त्यात गेलं. हँडल वाकडं झालं आणि सायकल थेट भिंतीकडे निघाली. बाईंचा उजवा पाय जमिनीत रुतला.

खारूने मान वर केली. भिंतीकडे नाही, उघड्या फाटकाकडे बघितलं. सायकल वाकली, वळली आणि बाईंच्या पदराला वारा लावत रस्त्यावर गेली.

तिथे खारूने सायकल थांबवली. पाय टेकला. छाती धपापत होती. बाईंना वाटलं, आता धावत येऊन गळ्यात पडेल.

खारूने सायकल वळवली.

"आत्या, बाजूला हो," ती म्हणाली, आणि घंटी वाजवत, मुद्दाम, पुन्हा त्याच खडीत शिरली.