मँडोलिनवर गज

ज्याला सगळे दाढीच म्हणत त्या व्हायोलिनवाल्यानं गाव सोडताना आपला जादा गज मास्तरांच्या हातात ठेवला, आणि त्या दिवसापासून वहिनींच्या घरातली शांतता गेली. तशी शांतता फार नव्हतीच. एका खोलीत वहिनींचं शिलाई मशीन, दुसऱ्या खोलीत मास्तरांचं मँडोलिन. मधल्या भिंतीला खरोखरच कान असते तर ती केव्हाच घर सोडून गेली असती.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांचा सगळा जन्म छापखान्यात मशीन चालवण्यात गेला. संध्याकाळी मुलांना मँडोलिन शिकवत, म्हणून मास्तर. आणि त्यांची बायको म्हणून या सगळ्यांच्या वहिनी. दर शनिवारी एका सभागृहात वयस्कर जोडप्यांच्या नाचासाठी चौघंजण वाजवायचे: मास्तर, दाढी, कीबोर्डवाला आणि ढोलवाला. आता दाढी मुलीकडे राहायला गेला. त्याच्याबरोबर व्हायोलिन गेलं, आणि सगळ्यात संथ गाण्यातला तो लांबलचक सूरही गेला. मँडोलिनची तार छेडली की सूर उमटतो न उमटतो तोच विरतो, त्याला धरून ठेवता येत नाही. मास्तरांनी डोकं चालवलं. दोन्ही वाद्यांच्या तारा त्याच चार सुरांत लावतात, मग मँडोलिनवरच गज फिरवला तर काय बिघडलं? गजाला थोडंच कळणार आहे आपण कुणाच्या अंगावर आहोत!

वहिनी म्हणाल्या, करा काय करायचं ते. मास्तरांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती काढायला जाणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

शिवाय त्यांच्या मनात वेगळीच धाकधूक होती. छापखान्यानं मास्तरांना पगार दिला, निरोपाच्या दिवशी घड्याळ दिलं, आणि बहिरेपणा वर फुकट दिला. जाड आवाज ऐकू यायचे, बारीक आवाज हळूहळू नाहीसे झाले. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण ते घातलं की मँडोलिन पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं म्हणून मास्तरांनी ते कपाटात टाकलं. समोरच्याच्या तोंडाकडे बघून ते बोलणं ओळखत आणि मला सगळं ऐकू येतं असं बजावत.

आता मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात. जोडीतल्या दोन्ही तारा अगदी एका सुरात हव्यात. केसभर जरी फरक पडला तरी आवाज आंबतो. मास्तर नव्या मुलाला पहिल्या दिवशी काहीही वाजवायला देत नसत, आधी तारा लावायला लावत. ज्याला आपलं वाद्य लावता येत नाही त्यानं ते वाजवू नये, हा त्यांचा कायदा. त्या कायद्यापायी दोन मुलं रडत घरी गेली होती आणि एकाची आई भांडायला आली होती.

दोन वर्षांपूर्वी वहिनी पडद्याला झालर लावत बसल्या होत्या, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की पलीकडे मँडोलिनच्या तारा भांडताहेत. आत्ता थांबतील, आत्ता तारा सारख्या करतील, म्हणून त्या वाट बघत राहिल्या. मास्तरांनी ते आंबलेलं गाणं शेवटपर्यंत मजेत वाजवलं. सांगावं, तर माणूस कायद्याचा पक्का. त्याच दिवशी मँडोलिन खुंटीला टांगून खिडकीपाशी बसला असता. वहिनींचा थोरला भाऊ, दादा, नोकरी सुटल्यावर असाच खिडकीपाशी बसला होता, आणि दोन वर्षांत बसल्या जागीच संपला. वहिनींना ते पुन्हा बघायचं नव्हतं.

मग मास्तर आंघोळीला गेले की वहिनी गुपचूप आत जायच्या आणि तारा सारख्या करायच्या. शिकवलं कुणीच नव्हतं. पण ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, त्यातला प्रकार. मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला की त्यांचे पाय आपोआप मँडोलिनकडे वळायचे. सभागृहातही मास्तर बाहेर गप्पा मारत असले की त्या पडद्यामागे आपलं काम उरकून घ्यायच्या. हल्ली तारा छान टिकतात, असं मास्तर कौतुकानं म्हणत. चांगल्या कंपनीच्या असतील, असं म्हणून वहिनी सुईत दोरा ओवत.

शुक्रवारी सकाळी मास्तरांनी मँडोलिन व्हायोलिनसारखं हनुवटीखाली धरलं आणि गज फिरवला. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा फिरवला, जोर लावून फिरवला. काही नाही. ते तसेच उभे राहिले. वहिनी दारात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"गेले वाटतं कान," ते म्हणाले. "पार गेले."

"मलाही काही ऐकू आलं नाही," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांच्या तोंडाकडे रोखून पाहिलं आणि हे पुन्हा म्हणायला लावलं. मग गज उलटसुलट करून पाहिला. दाढीनं त्याला घोड्याचे नवे केस बसवून घेतले होते, पण केसांनी तार पकडावी म्हणून चोळतात ती राळ लावलीच नव्हती. आणि राळेशिवाय गज म्हणजे धारेशिवाय कात्री. मास्तर इतके खूश झाले की राळ आणायला वाद्यांच्या दुकानापर्यंत चालत गेले आणि येताना वहिनींसाठी शिलाईची नवी टेप घेऊन आले.

राळ लावल्यावर जो आवाज निघाला तो ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाईनं सगळं ठीक आहे ना म्हणून वर येऊन विचारलं. व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, वर गोलाकार असते, म्हणून गज एकेका तारेला वेगळा गाठतो. मँडोलिनची घोडी सपाट. गज टेकला की सगळ्या तारा एकदम ओरडायला लागत. वाद्याला व्हायोलिनसारखी कंबर नाही, त्यामुळे कडेच्या तारांकडे गज वाकडा करावा तर तो लाकडावर घासे. तरीही मास्तरांनी चिकाटी सोडली नाही. दुपारपर्यंत जाड तारांची कडेची जोडी वेगळी वाजायला लागली, थोडी घोगरी, पण लांब. शिवताना वहिनींना वाटलं, कुणी म्हातारा माणूस तोंड मिटून गुणगुणतोय.

मग पलीकडे आवाज थांबला आणि मोरीत नळ सुटला. वहिनी उठल्या, आत गेल्या, पलंगावरचं मँडोलिन उचललं. जाड जोडीतली एक तार चांगलीच उतरली होती. त्यांनी खुंटी पिळून ती वर आणली, मँडोलिन होतं तसं ठेवलं आणि परत येऊन शिवायला बसल्या.

मास्तर आंघोळीला गेलेच नव्हते. राळेची पूड डोळ्यात गेली म्हणून तोंड धुवायला गेले होते. ओल्या तोंडानंच त्यांनी हाक मारली, गंमत दाखवतो म्हणाले. मँडोलिन हनुवटीखाली धरलं की सूर जबड्यातून आत शिरतो, आणि जोडीतल्या तारा एकमेकींशी जुळल्या नसल्या की हाडाला ठोके बसतात, हे त्यांना कळलं होतं. तार छेडली तर हे समजायच्या आत सूर संपतो. गजानं तो हवा तितका लांबवता येतो. वहिनींना दाखवता यावं म्हणून त्यांनी मुद्दाम एक तार उतरवून ठेवली होती. वहिनींचा तळवा त्यांनी मँडोलिनच्या पोटाशी लावला आणि गज ओढला.

ठोके आले नाहीत. एकच सरळ, गुळगुळीत सूर.

त्यांनी पुन्हा गज ओढला. मग मँडोलिन खाली घेतलं, खुंटीकडे पाहिलं, आणि वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी तळवा काढून पदराला पुसला.

"केव्हापासून?" मास्तरांनी विचारलं.

वहिनींनी सांगितलं. काहीच लपवलं नाही, सभागृहाचंही सांगितलं. मास्तर ऐकत होते, म्हणजे त्यांच्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी मँडोलिन पेटीत ठेवलं, पेटीचे चाप लावले आणि शनिवारी येत नाही म्हणून कीबोर्डवाल्याला कळवायला सांगितलं. वहिनींनी कळवलं नाही. रात्री जेवताना दोघांत मीठ दे यापलीकडे बोलणं झालं नाही. उठता उठता वहिनींनी ताट बाजूला सारलं आणि त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही दादांसारखे खिडकीत बसाल याची मला भीती वाटली," त्या म्हणाल्या. "चुकलं असेल माझं. पण तुम्हाला तसं बघायची माझी तयारी नव्हती, नि अजूनही नाही."

मास्तरांनी वहिनींचं ताट उचलून आपल्या ताटावर ठेवलं आणि दोन्ही मोरीत नेली.

शनिवारी सकाळी वहिनींना जाग आली ती खुंट्यांच्या करकरण्यानं. मास्तरांनी आठही तारा उतरवल्या होत्या. हनुवटीखाली मँडोलिन, डोळे मिटलेले, गज हळूहळू चाललेला. जाड जोडी त्यांनी एकट्यानं लावली. मधल्या दोन जोड्यांपाशी अडले, कारण गज शेजारणींनाही ओरडायला लावी. मग हाक आली, ये, बोटं ठेव. वहिनींनी शेजारच्या तारा बोटांनी दाबून धरल्या आणि मास्तरांनी मधल्या जोड्या लावल्या. वहिनींनी मनातल्या मनात खोट काढून पाहिली, एकही सापडली नाही. त्यांना इतका आनंद झाला की बोटं उचलायची राहून गेली.

उरली सगळ्यात बारीक तारांची जोडी. मास्तर गज ओढत, थांबत, खुंटी फिरवत, पुन्हा गज ओढत. त्या तारांचा थरकाप इतका बारीक की हाडापर्यंत काही पोचेना. शेवटी त्यांनी डोळे उघडले.

"लागली का?"

नव्हती लागली. कुणाही नाचणाऱ्याच्या लक्षात आलं नसतं एवढाच फरक होता. हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. वहिनींना दोन वर्षांची सवयही होती. पण मास्तर त्यांच्या ओठांकडे बघत होते, आणि त्या ओठांवरच त्या माणसाची सगळी भिस्त होती.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "एक तार चढी आहे."

मास्तरांनी मान हलवली. मँडोलिन वहिनींपुढे केलं नाही, तसंच पेटीत ठेवलं. बूट कुठे आहेत विचारलं, एवढंच.

सभागृहात दिव्यांच्या उष्णतेनं तारा उतरतातच, त्यामुळे तिथे पुन्हा लावाव्या लागतात. ढोलवाला ढोल कसत होता. कीबोर्डवाल्यानं मास्तरांच्या खांद्यावर हात टाकला आणि चहाला चला म्हणाला. म्हणता म्हणता त्याची नजर वहिनींकडे गेली, चटकन वळली. वहिनींना तेव्हा उमगलं की गेली दोन वर्षं मास्तर आपण होऊन बाहेर जात नव्हते, त्यांना बाहेर नेलं जात होतं. मास्तरांनाही उमगलं असावं. ओठ वाचणाऱ्याला नजरही वाचता येते.

"आज चहा नको," मास्तर म्हणाले, आणि मंचाच्या मधोमध खुर्ची ओढून बसले. जोडपी येऊन बसायला लागली होती. त्यांनी सगळ्यांदेखत गज काढला, मँडोलिन हनुवटीखाली घेतलं, वहिनींना बोटं ठेवायला बोलावलं, आणि एकेक करून तीन जोड्या लावल्या. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मग मास्तरांनी गज मांडीवर ठेवला आणि मँडोलिन दोन्ही हातांनी वहिनींपुढे धरलं.

"बारीक तारा मला ऐकू येत नाहीत," ते कीबोर्डवाल्याला म्हणाले, पहिल्या रांगेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "त्या ही लावते."

वहिनींनी मँडोलिन घेतलं. दोन वर्षं रोज हे काम करत होत्या, पण कुणाच्या समोर कधीच केलं नव्हतं. खुंटी एकदा पुढे गेली, मागे घ्यावी लागली. मास्तर शेजारी बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या लागली म्हणेपर्यंत कुणीही घाई केली नाही.