कुंकवाच्या खुणेवरचा आवाज

मित्रांनो, जरा वर बघा. कपाटावर, वाकळेच्या घडीशेजारी जी लाकडी पेटी दिसते ना, ती ट्रंक नाही. तो मी. मी एक जुना रिसिव्हर आहे. रेडिओ आणि आवाज मोठा करणारे यंत्र एकाच पेटीत बसवले की माझ्यासारखा रिसिव्हर तयार होतो. मला दोन स्पीकर जोडा, समोर टीव्ही आणि व्हिडिओ ठेवा, की घराचे टॉकीज झालेच म्हणून समजा. मुरगुडात आमच्या गल्लीतले पहिले घरचे टॉकीज माझ्या जिवावर उभे राहिले. आपली स्तुती आपणच करू नये म्हणतात, पण माझी करायला आता कोणाला सवड नाही. तेव्हा मीच करतो.

माझा जन्म १९७४ साली कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानाच्या माळ्यावर झाला. मीरासाब मिस्त्रींनी मला घडवले. लग्नाला, उरुसाला आणि कुस्तीच्या मैदानाला कर्णे लावणे हा त्यांचा धंदा. त्यातून सवड मिळेल तशी त्यांनी माझी एकेक तार जोडली. पेटी सागवानी, आणि समोर पांढऱ्या धातूची पट्टी. त्या पट्टीवर आवाज लहानमोठा करायच्या बटणाखेरीज आणखी दोन बटणे आहेत. एक जाड आवाजाचे, म्हणजे ढोलाचे. दुसरे बारीक आवाजाचे, म्हणजे माणसाच्या बोलण्यातल्या धारेचे. त्या काळी पुष्कळ यंत्रांना दोन्हींचे मिळून एकच बटण असायचे. मला वेगवेगळी दोन होती. या गोष्टीचा मला फार अभिमान आहे आणि तो मी कधी लपवला नाही.

पण मित्रांनो, गुण असले म्हणून लगेच गिऱ्हाईक मिळते असे नाही. दुकानात परदेशी यंत्रे आली. आवाजाबरोबर नाचणारे तांबडे-हिरवे दिवे, काळीभोर चकाकती अंगे. गिऱ्हाईक आत आले की आधी त्या दिव्यांपाशी जाई. मी खालच्या फळीवर बसून राहिलो. मीरासाब माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवू लागले. ज्यांनी घडवले त्यांनीच कप ठेवला, हे मला लागले. त्या कपाचा गोल डाग अजून माझ्या डोक्यावर आहे.

मग १९८५ साल उजाडले आणि एके दिवशी पिराजी पैलवान दुकानात आले. त्यांच्याबरोबर त्यांची बायको झुंबरबाई आणि मुलगा जोतीराम. जोतीराम बिद्रीच्या साखर कारखान्यात नोकरीला होता. त्याने घरात रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणला होता, आणि आता टॉकीजसारखा आवाज हवा म्हणून सगळे मशीन निवडायला आले होते.

पैलवानांचे कान मोडलेले होते. लाल मातीत घासून, दाबून त्यांच्या गाठी झालेल्या होत्या. आमच्या भागात असे कान म्हणजे मोठा मान. ते बघून एस.टी.त लोक उठून जागा देतात. पण वय वाढले तशी त्या गाठींनी आवाजाची वाटच बुजवत आणली होती. पैलवानांना शब्द नीट कळेनासे झाले होते. पूर्वी प्रत्येक नवा सिनेमा पहिल्या आठवड्यात बघणारा हा माणूस टॉकीजकडे फिरकेनासा झाला. विचारले तर म्हणायचा, "आताचं शिनेमं बेकार." घरात चारचौघे बोलत बसले की "जरा म्हशीकडं बगून येतो" म्हणून उठून जायचा. ज्या कानांना लोक मान देतात त्यांनाच ऐकू येत नाही, हे तो कोणत्या तोंडाने सांगणार? आणि त्याला विचारायची छाती कोणाची? हे सगळे मला पुढे त्या घरात राहून उमगले. झुंबरबाईंना मात्र ते आधीपासून ठाऊक होते. टॉकीजमध्ये सगळे हसून झाल्यावर नवरा एकटाच मागाहून हसतो, हे त्यांनी शेजारच्या खुर्चीवरून पाहिले होते.

"मिस्त्री, पैलवानाच्या घरला मशीनबी पैलवानच पायजे," जोतीराम म्हणाला. "दणका बसला पायजे, दणका!"

मीरासाबांनी दिव्यांचे मशीन लावले. गाणे सुरू झाले, दिवे नाचले, काचा थरथरल्या.

"एक नंबर!" पैलवान म्हणाले.

दुसरे लावले. तेही एक नंबर. तिसरे लावले, तेही एक नंबर. आता पैलवानाला सगळीच मशीन एक नंबर वाटत असतील तर निवडायचे कसे? जोतीराम दिव्यांच्या मशीनला हात लावून बसला होता. तेवढ्यात झुंबरबाई पुढे आल्या.

"मीरासाबभाऊ, गाणी ऱ्हाऊ द्या की. कुस्तीच्या मैदानाची कॅसेट हाय का तुमच्याकडं?"

"न्हाय कशी? ह्या साली वारणेकडच्या मैदानाला कर्णं आमचंच हुतं. समदं बोलणं भरून घेतलंय."

जोतीराम खूश झाला. ढोलाचा दणका ऐकायला आईने ही युक्ती काढली असे त्याला वाटले. कॅसेट दिव्यांच्या मशीनवर लागली. ढोल असा दणाणला की रस्त्यावरची माणसे थबकली. पैलवान मान डोलावत "वा, वा" म्हणत होते. पण झुंबरबाई मशीनकडे बघतच नव्हत्या. त्या नवऱ्याच्या खांद्याकडे बघत होत्या.

मित्रांनो, ज्याने उभे आयुष्य मातीत घालवले त्याच्यापुढे डावाचे नाव घेतले की त्याचे अंग आपोआप हलते. तोंड खोटे बोलेल, मान खोटी डोलेल, पण खांदा खोटे बोलत नाही. मैदानात निवेदक ओरडत होता, डावांची नावे घेत होता, आणि पैलवानांचे खांदे दगडासारखे गप्प होते. त्यांना ढोल पोचत होता, पण शब्द पोचत नव्हते.

"ते खालचं लावा," झुंबरबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

मीरासाबांनी कप उचलला, फडक्याने मला पुसले आणि टेपरेकॉर्डर मला जोडून तीच कॅसेट लावली. मी जिवाच्या आकांताने वाजू लागलो. तरीही खांदा हलेना.

"ह्या ढोलाला जरा खाली बसवा की, भाऊ. माणसाचं बोलणं वर येऊ द्या."

मीरासाबांनी जाड आवाजाचे बटण मागे घेतले आणि बारीक आवाजाचे पुढे फिरवले. ढोल लांब गेला. निवेदकाचा आवाज एकदम मोकळा झाला. "आणि लावली ढाऽऽक!"

पैलवानांचा डावा खांदा खाली झुकला.

"कलाजंग!" निवेदक ओरडला, आणि पैलवानांचा गुडघा वाकला. त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. पण माझ्या अंगावर जे शहारे आले ते मी आजवर विसरलेलो नाही. इतकी वर्षे मी कशासाठी खालच्या फळीवर बसलो होतो ते मला त्या क्षणी कळले.

"ह्योच घ्यायचा," झुंबरबाई म्हणाल्या.

"ह्यो? ह्येला तर दिवंबी न्हाईत!" जोतीराम ओरडला. "आवाज बारका, डोक्यावर च्याचा डाग. ह्यो का म्हणून?"

झुंबरबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिले. मग शांतपणे म्हणाल्या, "लाकूड आपल्या कपाटाशी जुळतंय."

"आई, मशीन घ्यायला आलोय का पलंग?"

सगळे हसले. पैलवानही हसले, या खेपेला सगळ्यांबरोबर. बाईमाणूस लाकडाचा रंग बघून मशीन निवडते, ही थट्टा पुढे सगळ्या गल्लीत झाली. झुंबरबाईंनी ती हसत सोसली, पण खरे कारण तोंडातून काढले नाही. मला त्यांचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

घरी गेल्यावर त्यांनी पहिले काम काय केले? माझी दोन्ही बटणे दुकानात होती तिथे आणली आणि बटणांवरची रेघ जिथे येते तिथे पट्टीवर ओल्या कुंकवाचा एकेक ठिपका लावला. लोकांना वाटले, नव्या मशीनची पूजा केली. कुंकू पुसट झाले की त्या पुन्हा लावत. रविवारी दुपारी खिडक्यांना वाकळा लावून अंधार करायचा, गल्ली गोळा करायची आणि सिनेमा लावायचा. पैलवान सगळ्यांत पुढे बसायचे. म्हशीकडे बघून यायचे आता त्यांना आठवेना. सिनेमे एकाएकी चांगले निघू लागले, असे त्यांचे मत झाले.

एका रविवारी मात्र घात झाला. कोडोलीहून जोतीरामचे सासरे गणपतराव आले. व्याही म्हणजे मानाचा माणूस, त्यांना पुढची जागा दिली. सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ गेला नाही तोच ते म्हणाले, "पैलवानाच्या घरात आवाज असा मुळमुळीत कसा वो?" आणि उठून त्यांनी जाड आवाजाचे बटण कचकन शेवटापर्यंत पिळले. घर घुमू लागले. पोरे खूश झाली. झुंबरबाईंचा हात उचलला गेला आणि तसाच खाली आला. व्याह्यांना कसे बोलणार? मी माझ्या परीने शब्द वर ढकलत होतो, पण त्या घुमण्याखाली ते चिरडून जात होते.

पडद्यावर काहीतरी गंमत झाली. सगळे हसले. पैलवान मागाहून हसले. पुन्हा तसेच झाले. मग ते उठले आणि दाराकडे निघाले. म्हशीकडे निघाले, हे मी ओळखले. झुंबरबाईंनीही ओळखले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

दाराशी पैलवान थांबले. वळले. माझ्यापुढे येऊन उभे राहिले, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पावणं, ते बटण कुकवाच्या खुणंवर आणा. माझं कान मोडल्यात. मला शबूद कळत न्हाईत. आनी मला शिनेमा बगायचा हाय."

ज्याच्यापुढे भलेभले हात टेकायचे, तो माणूस गल्लीसमोर आपली उणीव सांगत होता. गणपतरावांनी कानाला हात लावला, "चुकलं, पैलवान," म्हणाले आणि स्वतः बटण मागे घेऊन नेमके खुणेवर आणले. जोतीराम खाली मान घालून बसला. लाकडाच्या रंगाची थट्टा सगळ्यांत जास्त त्यानेच केली होती.

पैलवान झुंबरबाईंशेजारी जाऊन बसले. हळूच म्हणाले, "म्हंजे तुला म्हाईत हुतं?"

"लई आदीपास्नं," झुंबरबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या.

"मग बोलली न्हाईस ती?"

"तुमचं तुमी बोलायचं हुतं की."

मित्रांनो, मी पुष्कळ सिनेमांचे संवाद बोललो आहे. पण त्या दुपारी माझ्यासमोर झालेले हे बोलणे त्या सगळ्यांहून मला मोठे वाटते.

आता १९८९ साल आहे. जोतीरामने दिव्यांचे मशीन आणले, आणि गल्लीतल्या पोरांसाठी तेच वाजते. मी कपाटावर असतो. एका पोराने माझ्या हवा खेळायच्या जाळीतून सरबत सांडले तेव्हापासून माझी एक बाजू बंद आहे. तुमच्या घरातल्या यंत्रांचे असे करू नका. त्यांच्या डोक्यावर कप ठेवू नका, त्यांचा श्वास कोंडू नका. आणि आवाज वाढवायच्या आधी एकदा मागे वळून बघा, कोण हसायचे थांबले आहे, कोण उठून बाहेर गेले आहे.

पण माझी कीव करू नका. पैलवानांना सिनेमा बघायचा असला की मला खाली उतरवतात, आणि माझी एक बाजू त्यांना पुरते. झुंबरबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. त्यांना आता खूण दिसत नाही. म्हणून यंदा दसऱ्याला पैलवानांनीच कुंकवात अंगठा बुडवून माझ्या पट्टीवर टेकवला. ठिपका कसला, केवढा तरी टिळा झाला.

"खुणंवरच लावलंसा न्हवं?" झुंबरबाईंनी विचारले.

"व्हय गं," पैलवान म्हणाले. त्यांनी झुंबरबाईंचा हात धरला आणि त्यांचे बोट माझ्या बटणावर नेऊन ठेवले. "हितं बग."