पाटीवरचं नाव

१९९९च्या ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवरून एक मारुती व्हॅन येलहंकाच्या दिशेनं निघाली. आत चौघंजण होते. त्यांचं नातं एवढंच, की चौघंही कन्नड मुलखात राहून इंटरनेटवर मराठीत काहीबाही लिहायचे. श्रीरंग पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. तो रोजनिशी लिहायचा, पण रोमन लिपीत. शाल्मली मुंबईची, ती सिनेमा आणि चित्रांवर लिहायची. गाडी चालवणारा पद्माकर नागपूरचा, त्याच्या पानावर निव्वळ खाणंपिणं. चौथी महानंदा. ती टेलिफोन खात्यात नोकरीला, वयानं सगळ्यांत मोठी, निपाणीकडची. कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं उमटवायची खटपट तिला जमेना, म्हणून ती कागदावर शाईनं लिहायची आणि कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत तो कागद स्कॅन करून चढवायची. तिचं पान उघडायला चार मिनिटं लागत. तरी लोक थांबत, कारण सीमाभागातले शब्द ती असे काही उलगडून सांगायची, की वाचणाऱ्याला आपली आजी आठवे.

एकत्र कुठंतरी जायचं आणि मग प्रत्येकानं आपापल्या पानावर लिहायचं, ही कल्पना श्रीरंगची. जागाही त्यानंच शोधली होती. हेब्बाळचं तळं मागं टाकलं की पुढं एका कापडवाल्या शेटजींच्या जुन्या बंगल्यात खासगी कलासंग्रहालय होतं.

पहिले दोन तास मजेत गेले. शाल्मली चित्रांपुढं उभी राहून छान बोलायची आणि महानंदा मन लावून ऐकायची. वरच्या मजल्यावरच्या दालनात मात्र शाल्मली एका मोठ्या चित्रापुढं थबकली आणि म्हणाली, "अगं, काय रिदम आहे! बघा ना!"

चित्रात नऊवारीतल्या सात-आठ बायका एका रांगेत होत्या. सगळ्यांचे हात वर. एकीनं ओचा सोडून झाडलेला, दुसरी अर्धी वळलेली, तिसरीचा पदर हातात. मागं पिवळट उजेड आणि उंच कौलारू छप्पर. खाली पितळी पाटी. इंग्रजीत 'हार्वेस्ट डान्स' आणि कन्नडमध्ये 'सुग्गी कुणित', म्हणजे सुगीचा नाच.

"हातांच्या रेषा पाहा," श्रीरंग वहीत लिहीत म्हणाला. "कष्टातसुद्धा किती आनंद आहे या लोकांना!"

महानंदा चित्राच्या जवळ सरकली. ते छप्पर तिच्या ओळखीचं होतं. तंबाखूच्या वखारीचं. तो पिवळा उजेड म्हणजे सुगीचं ऊन नव्हतं, हवेत उडणारी तंबाखूची धूळ होती. लहानपणी ती रोज संध्याकाळी वखारीच्या फाटकाशी आईची वाट बघत उभी राहायची आणि रोज हेच बघायची.

"हा नाच नव्हं," ती म्हणाली. रागावली की तिची भाषा गावाकडं वळायची. "ही झडती हाय."

"कसली झडती?" शाल्मलीनं विचारलं.

"सुट्टी झाली की बायकांना रांगेत उभं करायचे. कुणी तंबाखू चोरून नेते का ते बघायला. हात वर करायचे, ओचा झाडून दाखवायचा, पदर झाडायचा. तरी पटलं नाही, तर मुकादम स्वतः हात लावून बघायचा. माझी आई अकरा वर्षं अशी उभी राहिली."

श्रीरंग घसा खाकरून म्हणाला, "ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण चित्राचा अर्थ शेवटी बघणाऱ्याच्या डोळ्यांत असतो, नाही का? तुम्हाला झडती दिसते, आम्हाला नाच दिसतो."

"डोळे हायत का तुम्हाला? नाचणाऱ्या बायकांची तोंडं अशी असतात?"

सगळ्यांनी पुन्हा चित्राकडं पाहिलं. एकाही बाईची नजर समोर नव्हती. सगळ्या खाली बघत होत्या. पद्माकर हळूच म्हणाला, "खरं आहे जी." पण शाल्मलीच्या हातातल्या पिशवीत खालच्या काउंटरवरून घेतलेली पाच शुभेच्छापत्रं होती, आणि त्या पाचांवर हेच चित्र होतं. तिनं पिशवी मागं घेतली. महानंदानं ते पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपल्या आईची झडती लोक दिवाळीला एकमेकांना पाठवणार होते!

ती तडक खाली कचेरीत गेली. व्यवस्थापक जयतीर्थ नावाचे चष्मेवाले गृहस्थ होते. तिनं त्यांना कन्नडमध्ये सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चित्रकार वारले, अम्मा. ज्यांच्याकडून चित्र आलं त्यांनी हेच नाव सांगितलं. पंधरा वर्षं हीच पाटी आहे. मुलांच्या सहली येतात, मुलं चित्रापुढं नाचून दाखवतात."

"मुलं नाचतात?"

"जरा दमानं घ्या. तुमच्याकडं काही पुरावा असेल तर आणा, मी विश्वस्तांपुढं ठेवतो."

अभिप्रायाच्या वहीत तिनं आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये एकच वाक्य लिहिलं: 'वरच्या मजल्यावरच्या बायका नाचत नाहीत, त्यांची झडती चालली आहे.'

बुधवारी कॅफेत बसून तिनं श्रीरंगचं पान उघडलं. सहलीचं वर्णन रंगतदार होतं. चित्राचा फोटोही होता आणि खाली लिहिलं होतं: 'आमच्यातल्या एका भावुक मैत्रिणीला या आनंदी चित्रातही स्वतःच्या बालपणीचं दुःख दिसलं. कलेची ताकद ती हीच!'

तिनं तिथूनच त्याच्या ऑफिसला फोन लावला.

"श्रीरंग, मी महानंदा. तुम्ही मला भावुक म्हटलंत."

"ताई, कौतुकानं लिहिलंय हो मी."

"मी भावुक झाले नव्हते. मला राग आला होता. माझ्या आईवर काय गुदरलं ते मी सांगितलं, आणि तुम्ही त्याचा माझा हळवेपणा करून टाकलात. म्हणजे त्या मुकादमाचं काही चुकलंच नाही, चुकले माझे डोळे!"

"ताई, तसं नाही..."

"तसंच आहे. ते वाक्य काढा."

त्यानं वाक्य काढलं नाही. 'भावुक'च्या जागी 'संवेदनशील' केलं.

मग महानंदानं कागद घेतला. रविवारभर ती लिहीत होती. फाटक कसं होतं, रांग कशी लागायची, धुळीनं घेरी येऊन बाई पडली तरी झडती दिल्याशिवाय तिला घरी कसं सोडत नसत. एकदा तिची आई घरी येऊन किती वेळ न्हाणीत बसून राहिली होती, आणि आठ वर्षांच्या महानंदाला वाटलं होतं की आई तंबाखूची धूळ धुतेय. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सहा पानं झाली. कॅफेवाल्यानं ती स्कॅन केली.

पंधरा दिवसांत उत्तरं येऊ लागली. मस्कतहून एका नर्सनं लिहिलं, 'माझी मावशी त्याच रांगेत होती.' चिकोडीच्या एका प्राध्यापकानं लिहिलं, 'आमच्या घरात हा विषय निघाला की बायका उठून आत जातात.' शाल्मलीनं दोनच ओळी पाठवल्या: 'शुभेच्छापत्रं परत केली. मला दिसायला हवं होतं, दिसलं नाही.' महानंदानं सगळी उत्तरं छापून घेतली. पण जयतीर्थांनी मागितला होता तो पुरावा कागदाचा नव्हे, असं तिला आतून वाटत होतं. तिनं निपाणीला जाऊन आईला गाडीत बसवलं.

आई, यल्लव्वा, सत्तरीची होती. संग्रहालयाचे जिने चढताना तीनदा थांबली. चित्रापुढं उभी राहिली तेव्हा जयतीर्थ शेजारी होते, आणि काय चाललंय ते बघायला आलेले दोन पहारेकरीही. म्हातारीनं बराच वेळ निरखलं.

"अव्वा, हा नाच आहे का?" जयतीर्थांनी कन्नडमध्ये विचारलं.

यल्लव्वानं काठी महानंदाच्या हातात दिली. दोन्ही हात वर केले. मग एक हात खाली आणून ओचा धरला, झाडला, अर्धवट वळून पाठ दाखवली आणि परत हात वर करून उभी राहिली. मान खाली. ती उभीच राहिली. कुणीतरी 'जा' म्हणेल म्हणून थांबावं तशी.

"पुरे, अव्वा," जयतीर्थ म्हणाले. त्यांनी चष्मा काढला होता.

यल्लव्वानं हात खाली घेतले आणि चित्राकडं बोट केलं. "सगळं बरोबर काढलंय ह्यानं. पर झडती घेनारा कुटं हाय?"

महानंदा चमकली. इतक्या दिवसांत तिला ते सुचलंच नव्हतं. चित्रात बायकाच होत्या. ज्याच्यासाठी हात वर होते तो माणूस चित्रकारानं काढलाच नव्हता. म्हणून तर बघणाऱ्यांना नाच दिसला.

"हंबीरराव नाव त्याचं," यल्लव्वा म्हणाली. "मुकादम. चित्रात न्हाई घातला, तर पाटीवर तरी घाला. आमी कुनापुढं उबं ऱ्हायलो ते कळू द्या लोकांना."

महानंदानं जयतीर्थांना ते कन्नडमध्ये सांगितलं. त्यांनी वहीत नाव लिहून घेतलं.

डिसेंबरात संग्रहालयाचं पत्र आलं. विश्वस्तांनी चित्राचं नाव बदललं होतं. नव्या पाटीवर कन्नड, इंग्रजी आणि मराठीत 'झडती' असं कोरलं होतं. शुभेच्छापत्रं विक्रीतून काढली होती. कोणा व्यक्तीचा नामोल्लेख करणं मात्र विश्वस्तांना उचित वाटलं नव्हतं.

महानंदानं निपाणीला शेजाऱ्यांच्या फोनवर आईला बोलावून घेतलं आणि पत्र वाचून दाखवलं. आई ऐकत राहिली.

"बरं झालं," ती म्हणाली. "आनि हंबीररावाचं?"

"नाही घालत म्हणतात."

"का?"

"उचित नाही म्हणे."

"आमच्या अंगाला हात लावला ते उचित हुतं व्हय?" यल्लव्वा म्हणाली. "लिव परत त्यास्नी."

महानंदानं फोन ठेवला आणि कोरा कागद पुढं ओढला.