कासव आळीत गोगलगाय

या, अशा जवळ या. मागच्यांनीही पुढे सरकावं. गोष्ट व्याह्यांची आहे, आणि व्याह्यांच्या गोष्टी हळू आवाजातच सांगाव्यात. हसू आलं तर खुशाल हसा. शेवटी मी तुमच्याकडे एक छोटंसं मागणं मागणार आहे, तेवढं मात्र नाकारू नका.

आमचं सिएना म्हणजे टेकड्यांच्या पाठीवर वाळत घातलेलं विटांचं शहर. चढ संपला म्हणून श्वास घ्यावा तर समोर उतार, आणि उतार संपतो तिथे दुसरा चढ उभाच. शहर आळ्याआळ्यांचं. प्रत्येक आळीला आपला झेंडा, आपलं देऊळ, आपलं कारंजं, आणि बऱ्याच जणींना आपली एक वैरीण. गोगलगाय आळी आणि कासव आळी शेजारी-शेजारी, आणि दोघींचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. का, ते विचारू नका. दोन्हीकडचं ऐकून घ्यायचं म्हटलं तर संध्याकाळ जाईल आणि हाती काही लागणार नाही. उन्हाळ्यात मोठ्या चौकात घोड्यांची शर्यत होते, तेव्हा देवाच्या सृष्टीतले हे दोन सगळ्यांत संथ जीव एकमेकांना मागे टाकायला जिवाचं रान करतात. मी नेल्लो, लाट आळीचा. या भांडणात नाही, म्हणून मला हे गमतीने सांगता येतं.

फोस्को गोगलगाय आळीचा. पोस्टात होता तेव्हा कासव आळीची टपालफेरी जन्मभर कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात घालत आला. निवृत्त झाल्यावर तो पाहुण्यांना विजेच्या सायकलवरून शहर दाखवायला लागला. तो सगळ्यांत पुढे, मी सगळ्यांत मागे. पुढच्याने रस्ता सांभाळायचा, मागच्याने माणसं, आणि नेलेली माणसं सगळी एकत्र परत आणायची, हा आमच्या कामाचा नियम. गावातली पोरं त्याला बघून म्हणायची, “बघा, गोगलगायीलासुद्धा मोटर बसवली.” तो घंटी वाजवून पुढे जायचा.

फोस्कोची एक शपथ होती. तरुणपणी एका उन्हाळ्यात कासवांनी शर्यत जिंकली आणि रात्रभर गोगलगायीच्या वेशीवर ढोल बडवले. सकाळी हा आपल्या देवळाच्या पायरीवर उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “आजपासून माझ्या बुटाचा तळ कासव आळीच्या दगडाला लागणार नाही.” तरुण माणसं रागात बरंच काही बोलतात आणि जेवणवेळेपर्यंत विसरतात. हा विसरला नाही. त्याचा दातांचा डॉक्टर त्या आळीत राहायला गेला, तर याने डॉक्टर बदलला, आणि नव्या डॉक्टरने नको तो दात काढला तरी हू की चू केलं नाही.

पण देवाला अशी माणसं फार आवडतात. त्यांच्याशी खेळायला मजा येते. फोस्कोची एकुलती एक लेक लाविनिया प्रेमात पडली ती कासव आळीच्या मुखियाच्या, ओत्तोरिनोच्या मुलाच्या. लग्न मोठ्या चर्चमध्ये झालं, कारण ते सगळ्यांचं. फोस्को लग्नात रडला, नाचला, ओत्तोरिनोला मिठीसुद्धा मारली. पण लेक सासरी गेल्यापासून तिचं स्वयंपाकघर याने पाहिलं नव्हतं. तीच रविवारी यायची. मग तिला मुलगी झाली. फोस्कोच्या गेलेल्या बायकोचं नाव तिला ठेवलं, आर्मिदा.

आमच्याकडे मुलाचा बाप्तिस्मा चर्चमध्ये होतो तो देवासाठी. पण आळीचा म्हणून वेगळा एक असतो. आळीच्या सणाला, आळीच्या कारंज्याच्या पाण्याने. मुखिया कपाळावर पाणी घालतो, गळ्यात आळीचा रुमाल बांधतो, आणि मग ते मूल जन्मभर त्या आळीचं. आर्मिदा बापाकडून कासव. तिचं पाणी ठरलं जूनमध्ये, संत अंतोनिओच्या दिवशी.

सणाच्या आदल्या आठवड्यात लाविनिया आमच्या सायकलींच्या गोठ्यात आली. आम्ही चाकांत हवा भरत होतो.

“बाबा, त्या दिवशी तुम्ही नुसतं कोपऱ्यात उभं राहायचं. कुणाशी बोलू नका, काही खाऊ नका.”

“त्या दिवशी पाहुणे आहेत.”

“कुठले पाहुणे? नेल्लोकाका, आहेत का पाहुणे?”

मी पंप मारत राहिलो.

“आहेत,” फोस्को म्हणाला. “येतील.”

“आईचं नाव घेऊन पोरीच्या डोक्यावर पाणी पडणार आहे, बाबा. तुम्ही नसलात तर मी ते नाव ऐकू कशी?” एवढं बोलून ती गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती. फोस्कोने त्याच चाकात इतकी हवा भरली की ट्यूब फुटली.

आणि अंतोनिओबाबांच्या दिवशी पाहुणे खरोखरच आले. हॉलंडची मंडळी होती, सगळी पिकल्या केसांची. त्यांत आलेत्ताबाई म्हणून एक होत्या, उंच, काटक. त्यांनी सायकलला लावलेली मोटर अशी न्याहाळली, जशी सासू नवीन सुनेची भाकरी न्याहाळते.

“मी चालायच्या आधी सायकलवर बसले,” त्या म्हणाल्या. “मोटर माझ्यासाठी नाही, गुडघ्यांसाठी. गुडघे आता माझं ऐकत नाहीत.”

“इथे कुणीच कुणाचं ऐकत नाही, बाई,” मी म्हटलं. “तुमचे गुडघे रमतील.”

निघालो. फोस्को त्या दिवशी असा काही बोलत होता, जणू बोलणं थांबलं तर दुसरंच काही ऐकू येईल. मोठा चौक दाखवला, मनोरा दाखवला, चर्चच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाखवल्या. मग दक्षिणेकडे वळायची वेळ आली, तसा तो खाली उतरला, वेशीपर्यंत गेला, पुन्हा वर चढला, पुन्हा खाली. पाहुणे खूश, कारण मोटर ढकलत होती. मी मागून बॅटरीचे दिवे बघत होतो. सगळ्यांत वेगाने फोस्कोचीच उतरत होती. तो पुढे जाऊन रस्ता बघून परत येत होता, म्हणजे प्रत्येक चढ दोनदा.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा आलेत्ताबाईंनी नकाशा उघडला.

“फोस्को, आपण मघापासून या एका भागाभोवती फिरतोय. ताटातलं कारलं बाजूला सारतात तसा तुम्ही हा भाग सारताय. काय आहे इथे?”

“रस्ता खोदलाय.”

तेवढ्यात त्या खोदलेल्या रस्त्यावरून ढोल वाजला. मागून दुसरा. भिंतींवरून झेंड्यांची टोकं वर उडाली, निळी-पिवळी, आणि खाली आली.

“खोदणारे आनंदात दिसतात,” बाई म्हणाल्या.

फोस्को बाटली भरायला नळाकडे गेला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही लपवलं नाही. शपथ सांगितली, लेक सांगितली, नात सांगितली, आणि पाणी आत्ता पडायच्या बेतात आहे हेही सांगितलं.

“बुटाचा तळ?” त्यांनी पुन्हा विचारलं. “नेमका तळच?”

“तळच. आमच्यात सगळ्यांना पाठ आहे.”

“आणि माणसं एकत्र परत न्यायची, हाही नियम?”

“तो तर पहिला.”

बाईंनी नकाशा घडी करून टोपलीत टाकला, सायकल वळवली आणि ढोलाच्या दिशेने निघाल्या. हॉलंडची माणसं सायकलमागे सायकल लावतात ती बदकाच्या पिल्लांसारखी. बघता बघता सगळी रांग कासव आळीच्या वेशीवरल्या कमानीखालून आत गेली. माणसं सांभाळायचं काम माझं, म्हणून मीही गेलो. फोस्को बाटली घेऊन वळला तेव्हा त्याच्याजवळ नळ उरला होता आणि त्याची सायकल.

“नेल्लो,” तो कमानीबाहेरून ओरडला, “परत आण त्यांना.”

“मी मागचा. मागच्याने पुढे जायचं नसतं,” मी म्हटलं.

तो तिथे किती वेळ उभा होता मला ठाऊक नाही. आतल्या छोट्या चौकात सगळी आळी रुमाल बांधून उभी होती. कारंज्यावर दगडी कासव, त्याच्या बाजूला ओत्तोरिनो, आणि लाविनियाच्या कडेवर टोपड्यातली आर्मिदा. सकाळी इथल्याच म्हाताऱ्या धर्मगुरूंनी अंतोनिओबाबांची कथा अर्धी सांगत, अर्धी गात लावली होती. माणसं ऐकेनात तेव्हा बाबांनी माशांना प्रवचन दिलं आणि मासे माना वर काढून ऐकत राहिले, तो प्रसंग. मी भल्या पहाटे जाऊन पुढच्या बाकावर बसलो होतो, आणि तो सूर अजून माझ्या कानांत होता. त्या सुरातच मला मागून सायकलची घंटी ऐकू आली.

फोस्को येत होता. दोन्ही पाय पेडलवर, मान ताठ, गळ्यात गोगलगायीचा लाल-पिवळा रुमाल. दगडाला बूट लागू द्यायचा नाही म्हणून तो थांबू शकत नव्हता. गर्दी बाजूला झाली, आणि तो कारंज्याभोवती फिरायला लागला. एक फेरी, मग दुसरी. देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा.

ढोल थांबले. ओत्तोरिनोने हातातलं भांडं खाली ठेवलं.

“या, व्याही,” तो म्हणाला. “अंतोनिओबाबा हरवलेलं शोधून देतात हे ऐकून होतो. पण हे आमचं हरवलेलं नव्हतं.”

“माझे पाहुणे हरवलेत,” फोस्को फिरता फिरता म्हणाला. “न्यायला आलोय.”

“मग न्या ना.”

“नेतो. त्यांचं बघून होऊ दे.”

“आम्ही सुरू करू, की तुमचं दळण आधी संपू द्यायचं?”

आळी हसली. फोस्कोच्या मिशाही हलल्या, पण तेवढ्यात मोटरचा दिवा लुकलुकला आणि विझला. या आळीला टाळण्यासाठी दिवसभर जेवढी बॅटरी जाळली, तेवढीच इथे नेमकी कमी पडली. चौक एका बाजूला चढता. ती सायकल मोटरीशिवाय म्हणजे दगडाची. फोस्को पेडलवर उभा राहिला, डगमगला, आणि पडता पडता त्याने दगडी कासवाची मान पकडली. गोगलगाय आळीचा माणूस, भर सणाला, कासवाच्या गळ्यात हात टाकून. मला वाटतं तेव्हा मासेसुद्धा हसले असते.

लाविनिया मात्र हसली नाही. ती पुढे आली आणि तिने मूल त्याच्यासमोर धरलं.

“बाबा, हिला धरा. टोपड्याची गाठ सोडायचीय.”

मूल धरायला दोन हात लागतात. त्याचा एक कासवाच्या मानेवर आणि एक हँडलवर.

“नेल्लो, सायकल धर.”

“लाट आळीने या वादात पडू नये असं माझे वडील सांगून गेलेत,” मी म्हटलं.

फोस्कोने नातीकडे पाहिलं, मग खाली दगडांकडे पाहिलं. तो पाय खाली टाकणार नाही हे प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येकाला, अगदी ओत्तोरिनोलाही, तो खाली यावा असं वाटत होतं.

तेव्हा आलेत्ताबाईंनी आपली सायकल भिंतीला टेकवली. त्या आल्या आणि त्या न ऐकणाऱ्या गुडघ्यांवर, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून, कष्टाने खाली बसल्या. त्यांनी फोस्कोच्या बुटाची नाडी सोडली. बूट काढला. मग दुसरा. दोन्हींच्या नाड्या एकत्र बांधून ते हँडलला अडकवले.

“बुटाचा तळ म्हणाला होतात ना,” त्या म्हणाल्या. “आता उतरा.”

आणि तो उतरला. मोज्यांनी. उजव्या मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर बघत होता. देवळात शिरताना पायातलं काढून ठेवावं तसा तो त्या आळीत उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. लाविनियाने गाठ सोडली. ओत्तोरिनोने पाणी घातलं आणि म्हणाला, “आर्मिदा.” ते नाव ऐकून फोस्कोने डोळे मिटले. पाणी कपाळावरून ओघळून त्याच्या मोज्यांवर पडलं. पोर रडली नाही. नव्या निळ्या-पिवळ्या रुमालाकडे तिने लक्षही दिलं नाही. आजोबांच्या लाल-पिवळ्या रुमालाचं टोक तेवढं तोंडात घातलं.

“बघा, रडली नाही,” फोस्को म्हणाला. “गोगलगायीचं रक्त.”

“पाण्याला न भिणं कासवाचं, व्याही,” ओत्तोरिनो म्हणाला. “मोजे वाळेपर्यंत बसा आता. बदामाची बिस्किटं आहेत.”

मोजे वाळेपर्यंत संध्याकाळ झाली. जूनचं ऊन असूनही.

वैर मिटलं असं समजू नका. पुढच्याच शर्यतीला दोघे व्याही एकमेकांना ओळखही दाखवत नव्हते, आणि शर्यतीच्या दिवसांत वैरी आळीतली सून माहेरी जाते, त्या रीतीप्रमाणे लाविनिया माहेरी होती. पण एरवी रविवारी दुपारी फोस्को त्या कमानीखाली येतो, वेशीच्या दगडावर बसतो, बूट काढतो, काखेत मारतो आणि मोज्यांनी लेकीच्या घरी जेवायला जातो. शपथ शाबूत आहे. मोजे लाविनिया रफू करते. मध्यंतरी कुणी परदेशी पाहुण्यांनी हे पाहिलं, त्यांना वाटलं इथला काही पवित्र रिवाज असेल. त्यांनीही निमूट बूट काढले. मी मागे होतो, मी काही बोललो नाही. चूक सांगावी असं त्यात मला काही दिसलं नाही.

आलेत्ताबाई पुन्हा आल्या नाहीत. त्या दिवशी त्यांना उठवायला मी आणि ओत्तोरिनो दोघे लागलो होतो. यंदा त्यांचं कार्ड आलं, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं व्हायचंय, आणि पोर कुणासारखी दिसते ते कळवा. तर माझं मागणं एवढंच. रात्री देवापुढे हात जोडाल, स्वतःचं सगळं मागून होईल, तेव्हा उठण्याआधी आलेत्ताबाईंची आठवण ठेवा, आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याची.